खुर्चीतून उठून जाणं

भाची : मावशी, ‘सीक्रेट सनशाइन’ चित्रपटाचा शेवट काही केल्या पटत नाही. शिन-ए हॉस्पिटलमधून सुटते, केस कापायला जाते, तर कात्री घेऊन मागे उभी कोण? तिच्या मुलाला मारणाऱ्या माणसाची मुलगी! त्या पोरीचा काय गुन्हा? ही मात्र अर्धवट कापलेल्या केसांनिशी तरातरा निघून जाते.

मावशी : मला तिचं उठणंच पटलं. तुरुंगातला प्रसंग आठव. नवरा गेल्यावर ती मुलाला घेऊन नवऱ्याच्या गावी, मिर्यांगला, येते. तिथेच मुलगा जातो. पुढे चर्चमध्ये तिला आधार मिळतो आणि ती स्वतःहून खुन्याला क्षमा करायला जाते. तो काचेपलीकडून शांतपणे सांगतो, देवानं मला क्षमा केलीय. शिन-ए झालेल्या जॉन दो-योनचा चेहरा तिथे कसा विझत जातो! 2007 साली कान महोत्सवात तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तो त्या एका प्रसंगासाठीही देता आला असता.

भाची : पण तिलाही त्याच देवाकडून शांती मिळाली होती ना? मग त्याला का मिळू नये?

मावशी : मिळू दे की. पण त्या शांतीत तिच्या होकाराला जागाच उरली नव्हती. ज्याचं पोर गेलं त्याला न विचारता हिशेब मिटतो कसा? माझा खरा अडसर हा आहे, आणि देव मानूनही तो सुटत नाही.

भाची : बापाचा राग मुलीवर का? ती बालसुधारगृहात केस कापायला शिकली. त्याआधी मुलं तिला गल्लीत मारत होती, तेव्हा शिन-ए गाडीतून बघून निघून गेली. म्हणजे दोनदा पाठ फिरवली.

मावशी : ते मलाही खुपतं. पण सलूनमध्ये ती तिला एक शब्द टाकून बोलत नाही, चौकशीही करते. मन तयार असतं गं, अंग तयार नसतं. मानेजवळ त्या हातातली कात्री कशी सोसायची?

भाची : आणि शेवटच्या दृश्यातलं अंगणातलं ऊन? लोक म्हणतात, ती देवाची कृपा.

मावशी : दिग्दर्शक ली चांग-दोंग तसं काहीच सांगत नाही. औषधाच्या दुकानात शिन-एच म्हणाली होती, उन्हात काही नाही, ऊन आहे फक्त. मी बघते तिच्या ओळखीच्या जोंग-चानकडे. अंगणात ती स्वतः उरलेले केस कापते, तेव्हा तो गॅरेजवाला फक्त आरसा धरतो. क्षमा कर, विसर, असलं काही म्हणत नाही.

भाची : शिन-एला निदान आरसा धरणारा आहे. त्या मुलीला कोण आहे?

मावशी : कोणी दिसत नाही. पण ते ओझं शिन-एच्या डोक्यावर का?

भाची : मग कोणाच्या? बाप तुरुंगात शांत झाला, चर्चनं त्याला जवळ केलं. पोरीचं काय, हे तिथल्या एकानं तरी विचारायला हवं होतं.

मावशी : हे मात्र तू म्हणतेस ते खरं. त्या पोरीच्या बाजूनं मी इतका विचार केलाच नव्हता. तरीही शिन-एला मी त्या खुर्चीत परत बसवणार नाही.