नादाची मालकी

बोरगावास माझ्या बहिणीचे घर आहे. गेल्या वैशाखात तेथे गेलो असता, सोप्यात जेथे एरवी खुरपी-कुदळी आणि पोत्यांची थप्पी असते तेथे, माझा भाचा एका अर्धवट गिटारीवर वाकून बसलेला दिसला. शिसवीच्या दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या पाण्यात भिजवून, तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू दाबून त्याने त्यांना कंबरेचा बाक दिला होता. पुढची फळी मात्र अजून अखंड होती. तिच्या मधोमध काढलेले पेन्सिलीचे वर्तुळ त्याने खोडून टाकले होते, आणि त्याऐवजी एक चिंचोळी आकृती वरच्या खांद्यापाशी व दुसरी, लंबवर्तुळाकार, चक्क बगलेच्या पट्टीवर, वाजवणाऱ्याच्या तोंडासमोर येईल अशी रेखाटली होती. मी विचारले तेव्हा मान वर न करता तो म्हणाला, “मामा, भोक मधीच पाडाय पायजे असा काय कायदा हाय व्हय?”

कायदा नव्हता, वहिवाट होती, आणि तिलाही अपवाद पुष्कळ. १९३२ साली पॅरिसच्या सेल्मर कंपनीने मारिओ माकाफेरीच्या आराखड्यावरून काढलेल्या गिटारींचे भोक इंग्रजी डी अक्षरासारखे होते; आपल्या सरस्वती वीणेच्या फळीवर तर एका मोठ्या भोकाऐवजी बारीक छिद्रांची दोन कडी असतात. सुतारकामाचा प्रश्न एवढ्यावर मिटला असता. पण भोक पाडायचे ते नेमके कशासाठी, लाकडातून काढून टाकलेला जो भाग आता तेथे नाही त्याचे वाद्यात काम काय, आणि वाद्यातून निघणारा नाद असलेल्याचा की नसलेल्याचा, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी गिटारीचे नावही ऐकलेले नसताना शतकानुशतके लढवलेला आहे.

संस्कृतातील ‘ख’ हा शब्दच मोठा अर्थगर्भ आहे. भोक, इंद्रिय आणि आकाश हे तिन्ही अर्थ त्यात नांदतात, आणि इंद्रियांना जे हितकर ते सुख अशी ‘सुख’ शब्दाची फोड यास्काने निरुक्तात केली आहे. या ‘ख’च्या वतीने नादावर पहिला दावा लावला तो वैशेषिकांनी. शब्द हा गुण आहे आणि गुणाला आश्रय हवा. पृथ्वी, जल, तेज, वायू या स्पर्शवान द्रव्यांचा तो नव्हे, आत्म्याचा नव्हे, मनाचाही नव्हे. तेव्हा बाकी उरते ते आकाश, अतएव शब्द आकाशाचा. अशा रीतीने एकेका वारसाला दप्तरातून खारीज करीत, शेवटी जो उरला त्याच्या नावावर कणादाने ही मिळकत चढवली.

प्रतिवादी बोरगावातच भेटतात. या टापूत जैनांची वस्ती मोठी. जवळचे भोज हे आचार्य शांतिसागरांचे गाव. भाद्रपदातील दशलक्षण पर्वात दिगंबर मंदिरांतून तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय रोज एक याप्रमाणे वाचले जातात, आणि पाचव्या दिवशी जो अध्याय येतो त्यात उमास्वातींनी शब्द हा पुद्गलाचा, म्हणजे मूर्त जडद्रव्याचा पर्याय ठरवला आहे. आकाशाचे काम त्यांच्या मते एकच: अवगाह, जागा देणे. शब्द भिंतीला अडतो, वाऱ्याबरोबर वाहतो, मोठा झाला तर कानाला इजा करतो. असे धक्के देणारी आणि खाणारी वस्तू अमूर्त आकाशाचा गुण कशी असेल? सर्वार्थसिद्धीकार पूज्यपादांनी हीच बाजू पुढे चालवली. माझ्या बहिणीचे शेजारी आप्पा, ज्यांनी हा अध्याय आयुष्यात पन्नास-साठ वेळा तरी ऐकला असेल, ते भाच्याच्या हातातील फळी बोटाने टकटक वाजवून एवढेच म्हणाले, “हे बोलतंय. भोक काय बोलणार?”

साक्षीपुराव्याकडे पाहिले तर आप्पांचे पारडे जड आहे. बोरगावाहून इचलकरंजीमार्गे मिरज फार दूर नाही. तेथील सतारमेकर गल्लीत पंढरपूर-मंगळवेढे भागातून आलेल्या भोपळ्यांचे तंबोरे घडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी शस्त्रांचा धंदा सोडून तारांच्या वाद्यांना हात घातला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्याच्या तबलीवर पाहावे तर बहुधा भोकच नसते. तरीही अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीपाशी, उरुसाच्या रात्री, तो जो भरून उरतो त्यात कोणाला काही उणे वाटल्याचे ऐकिवात नाही. स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस याने १८६२ साली पाठ आणि बगला कागदाच्या लगद्याच्या करून वर लाकडाची फळी बसवलेली गिटार बांधली, तीही हेच सांगण्यासाठी: बोलते ती फळी.

पण ‘बोलते ती फळी’ म्हणून खटला निकालात काढणे घाईचे होईल. गिटारीच्या पोटातील हवेलाही स्वतःचा एक सूर असतो. सेकंदाला शंभराच्या आसपास आंदोलनांचा तो खालचा सूर हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात सांगितलेल्या पोकळीच्या नियमाने चालतो. भोक बुजवले तर तो गुदमरतो, भोक वाढवले तर तो वर चढतो. म्हणजे ती हवा भोकातून श्वास घेते. भरताने वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे वर्ग केले. गिटार खरे तर तत, पण खर्जात उतरली की ती थोडीशी सुषिर होते. आता हवा म्हणजे आकाश नव्हे, ती वायू. जैनांच्या हिशेबी तीही मूर्तच. तेव्हा वैशेषिकांनी एवढ्यावर जिंकल्याचा आव आणू नये. पण ती हवा खेळते ती जागा मिळाली म्हणून, हे जैनही नाकारणार नाहीत.

याहून विलक्षण दाखला अलीकडचा आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. येथील संशोधकांनी २०१५ साली दहाव्या ते अठराव्या शतकांतील व्हायोलिन आणि तिच्या पूर्वजांची भोके तपासून दाखवले, की ही हवा भोकाच्या मध्यातून फारशी जात नाही. ती काठाला बिलगून वेगाने वाहते, म्हणून खर्जाचा जोर भोकाच्या क्षेत्रफळावर नव्हे, परिघावर अवलंबून असतो. गोल भोकाचे अर्धवर्तुळ, अर्धवर्तुळाची सी, आणि सीची शेवटी क्रेमोनाच्या कारागिरांच्या हातची लांब नागमोडी एफ-आकृती झाली ती याच दिशेने. माझ्या भाच्याने हे वाचले नव्हते. चिंचोळी आकृती त्याने काढली होती ती ‘बरी दिसते’ म्हणून. पण मला वाटते, आमच्या जुन्या वादींपैकी कोणालाही हा पुरावा पूर्ण सोयीचा नाही. जे आहे त्याचा नाद, की जे नाही त्याचा, असे विचारले तर वाद्य उत्तर देते ते दोहोंच्या हद्दीवरून. (१९५६ पासून राज्याच्या काठावर राहत आलेल्या आमच्या भागातील वाचकास या वाक्याचा भलताच अर्थ लावावासा वाटेल, तो मोह मी आवरला आहे, त्यानेही आवरावा.)

राहिले ते बगलेचे भोक, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत गंभीर आहे. कठोपनिषदाच्या चौथ्या वल्लीच्या आरंभी असे सांगितले आहे की स्वयंभूने माणसाची द्वारे बाहेरच्या अंगास फोडली, म्हणून तो बाहेर पाहतो, आत पाहत नाही. एखादाच धीर पुरुष डोळे फिरवतो. तेथेही शब्द ‘ख’ हाच. गिटारीच्या कर्त्यानेही नेमके हेच केले: भोक समोर, श्रोत्यांकडे. वाजवणारा बिचारा आपल्याच वाद्याच्या पाठीमागे, निम्म्या नादाचा धनी. बगलेत पाडलेल्या भोकातून तो नाद त्याच्याच कानाशी येतो. या कल्पनेला कोणी आत्मरती म्हणेल. देवळात वीणा गळ्यात घालून रात्रभर पहारा देणाऱ्या वारकऱ्यास मात्र ती तशी वाटणार नाही, कारण पहाटे तीन वाजता त्याच्यासमोर बहुधा कोणीच नसते. तरी मला एक शंका आहे, आणि ती मी भाच्यास सांगितली: उपनिषदाने डोळे फिरवायला सांगितले, नवे भोक पाडायला नव्हे. स्वतःचा नाद स्वतःला अधिक ऐकू येणे आणि स्वतःला अधिक ऐकणे यांत अंतर आहे, ते सुताराच्या करवतीने कापले जात नाही. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मग पाडू का नको?”

मी पाड म्हणालो. दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा बगलेचे भोक तीन बोटे रुंद होते, कडेला शिसवीचीच पातळ पट्टी वाकवून चिकटवली होती, आणि समोरची फळी खांद्यापाशी चिरलेली. आप्पा सोप्यात बसून ती गिटार मांडीवर आडवी धरून, तार न छेडता, फळी बोटांनी वाजवून पाहत होते.