माफी झाली, पण दाताचे काय?

आपल्याकडे अपघाताची प्रकरणे बहुधा पोलीस ठाण्यापर्यंत जातच नाहीत. मोटारसायकलवाला ओळखीचा निघतो, कधी नात्यातला, कधी त्याच आळीतला. चार माणसे धावतात, कोणीतरी रिक्षा थांबवतो, जखम धुऊन टाके घातले जातात आणि संध्याकाळी दोन्ही घरची वडीलधारी मंडळी बसून प्रकरण मिटवतात. दोन-तीन हजार रुपये हातावर ठेवले जातात, चहा होतो. हे चांगलेच आहे. शेजारी शेजाऱ्याला कोर्टाची पायरी चढायला लावत नाही, याचे आम्हाला समाधान वाटते.

मात्र काही आठवड्यांनी दातांचे डॉक्टर पहिला मोठा आकडा सांगतात आणि मग प्रश्न आमच्याकडे येतो. एक घर म्हणते, "फादर, तेव्हाच मिटले होते ना? आता पुन्हा पैसे कसले?" दुसरे घर म्हणते, "आम्ही माफ केले, फादर. पण पोराचा दात कुठून आणायचा?" आणि पहिल्या घराचे शेवटचे वाक्य जवळजवळ ठरलेले असते: "ख्रिस्ती माणसाने माफ केले म्हणजे केले."

या वाक्यात खरे किती आणि सोयीचे किती, ते पाहिले पाहिजे.

आधी दाताविषयी थोडे. हाताचे हाड मोडले तर प्लास्टर घालतात, ते निघते आणि साधारणपणे काही महिन्यांत हिशेब संपतो. दाताचे तसे नाही. अपघातानंतर डॉक्टर आधी डोके, छाती आणि पोट पाहतात, आणि तेच बरोबर आहे. दातांची पाळी शेवटी येते. बाहेरून शाबूत दिसणारा दातसुद्धा आतून मेलेला असू शकतो. धक्क्याने मुळाच्या टोकाशी रक्तपुरवठा तुटतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दात काळपट पडतो, नाहीतर हिरडीवर पुवाची पुळी येते. मग रूट कॅनाल, त्यावर कॅप. लहान मुलाचे तर आणखी अवघड. 12-13 वर्षांच्या मुलाचा कायमचा दात गेला, तर त्या जागी इम्प्लांट लगेच बसवत नाहीत. जबड्याची वाढ पुरी व्हावी लागते, म्हणजे निदान 18 वर्षांपर्यंत, पुष्कळदा त्याच्याही पुढे थांबावे लागते. तोवर काढता-घालता येणारी प्लेट वापरायची, आणि तोंड वाढेल तशी तीही बदलायची. म्हणजे आजच्या धडकेचे शेवटचे बिल 6 वर्षांनीसुद्धा येऊ शकते! संध्याकाळी चहा घेताना हे देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही नसते.

(विषय निघालाच आहे तर एवढे ध्यानात ठेवावे: कायमचा दात मुळासकट निखळला तर तो शोधावा. पांढऱ्या बाजूने धरावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने जरासा धुऊन पुन्हा त्याच जागी बसवावा. ते जमत नसेल तर थंड दुधात ठेवून अर्ध्या-एक तासाच्या आत दातांचा डॉक्टर गाठावा. रुमालात गुंडाळून कोरडा नेलेला दात सहसा वाचत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.)

कोणी म्हणेल, एका दाताचे एवढे काय? कायद्याला तसे वाटत नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 320 मध्ये हाड किंवा दात मोडणे, निखळणे ही 'जबर दुखापत' धरली होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, कलम 116 मध्ये, ती तशीच धरली आहे. पवित्र शास्त्रालाही एक दात किरकोळ वाटत नाही. निर्गमाच्या 21 व्या अध्यायातला दाताच्या बदल्यात दाताचा नियम आपण सूडाचा नियम समजतो. खरे तर तो सूडाला घातलेला बांध होता: एक दात गेला असेल तर एका दातापेक्षा जास्त वसूल करायचे नाही. त्याच अध्यायात थोडे पुढे एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. धन्याने मारून गुलामाचा दात पाडला, तर त्या दाताबद्दल गुलामाला मोकळे सोडले पाहिजे. ज्या माणसाला विकता येत होते, त्याच्या एका दाताची किंमत त्याचे सारे स्वातंत्र्य!

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात हा जुना नियम मागे टाकला, हे खरे. पण ते शब्द कोणाला उद्देशून होते? ज्याला मार बसला त्याला. त्याने उलटून मारू नये, मनात वैर धरू नये. मारणाऱ्याने काही देणे लागत नाही, असे प्रभू कुठेही म्हणाला नाही. जखमी माणसाला दिलेला उपदेश धडक देणाऱ्याने उचलून स्वतःची ढाल करायची, हा शुभवर्तमानाचा अर्थ नव्हे. जक्कयाने तर प्रभूला घरी घेतल्यावर स्वतःहून चौपट परत देण्याचे कबूल केले. क्षमा मिळाली, आता हिशेब कशाला, असे तो म्हणाला नाही.

संत थॉमस अक्वायनस 13 व्या शतकात 'सुम्मा थिऑलॉजिए'त नुकसानभरपाईचा प्रश्न घेतो, तिथे आमच्या उपयोगाची एक बारीक गोष्ट सापडते. कोणी दुसऱ्याचा अवयव निकामी केला, तर तो जसाच्या तसा परत देता येत नाही. मग काही द्यायचेच नाही का? तो म्हणतो, द्यायचे. जेवढे शक्य तेवढे, पैशाने किंवा मानाने, दोघांची परिस्थिती पाहून आणि एखाद्या सज्जन माणसाच्या निवाड्याप्रमाणे. अपघातात दोन गोष्टी होतात: मन दुखावते आणि नुकसान होते. माफीने पहिली भरून निघते. दुसरी तशीच उरते. "मुद्दाम थोडेच केले?" हे उत्तरही पाप किती याला लागू पडते, दात गेला तो गेलाच. आणि वेगाच्या हौसेने किंवा दारू पिऊन गाडी चालवली असेल, तर ते उत्तरही राहत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद 2290 मध्ये अशा माणसाचा दोष गंभीर म्हटला आहे.

जखमी माणसाला नुकसानीवरही पाणी सोडता येते. कोणी तसे करीत असेल तर आम्ही त्याला वंदन करू. पण ते त्याने किती सोडतो आहोत हे कळल्यावर आणि स्वखुशीने करावे, चार माणसांत भीड पडली म्हणून नव्हे. शिवाय स्वतःचे सोडता येते, दुसऱ्याचे नाही. बाप स्वतःच्या बुडालेल्या रोजावर पाणी सोडू शकतो. मुलाच्या तोंडातला दात बापाचा नाही. चर्चच्या गायनवृंदात ओठ मिटून किंवा तोंडावर हात धरून गाणाऱ्या मुलीचे नुकसान तिच्या आईवडिलांनी चहाच्या कपावर माफ करून टाकावे, हे आम्हाला पटत नाही.

दुसऱ्या बाजूलाही सांगायचे आहे. अपघाताआधीपासून किडलेली दाढ याच बिलात बसवायची, हे चालणार नाही. (असे होते, आम्ही डोळे मिटून बसलेलो नाही.) आणि पोलिसांचे लफडे नको म्हणून दवाखान्याच्या कागदावर 'घरात पायरीवरून पडला' असे लिहून घेणे, यात दोन्ही घरे सामील असतात. हे खोटे तर आहेच, वर महागही पडते. प्रत्येक गाडीला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे, तो नेमका अशाच खर्चासाठी. पण कागदावर अपघातच नसेल तर विमा कंपनीने पैसे कशाचे द्यायचे? 5 मे 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी सरकारची रोकडविरहित उपचार योजना लागू झाली आहे; ठरवून दिलेल्या रुग्णालयांत दीड लाख रुपयांपर्यंत आणि 7 दिवसांपर्यंत. फार चांगली गोष्ट. पण सात दिवसांत जीव वाचतो, दातांचे काम संपत नाही.

दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आपण तेल, द्राक्षारस आणि गाढवापाशी थांबवतो. ती पुढेही आहे. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वर जो काही खर्च होईल तो परत येताना फेडण्याचे कबूल केले. आकडा ठरला नव्हता. जखमी किती दिवस पडून राहील, हे त्याला माहीत नव्हते. आणि मारणारा तो नव्हता! ज्याचे काही देणे नव्हते त्याने हिशेब उघडा ठेवला. आपण, ज्याचे देणे आहे, तो अंधार पडायच्या आत बंद करू पाहतो.

ज्याची खरोखर ऐपत नाही त्याने काय करावे? तेच तोंडाने सांगावे आणि महिन्याला 500 देता येत असतील तर 500 द्यावेत. गल्ली बदलून जाऊ नये. मुलाची विचारपूस करायला जावे. अक्वायनसच्या 'मानाने' या शब्दात तेही येते. 2007 साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतली आठवी अशी की अपघात करणारा आणि जखमी यांना योग्य वेळी समोरासमोर आणावे, म्हणजे क्षमेचा अनुभव दोघांना मोकळे करील. ती योग्य वेळ अपघाताची संध्याकाळ असेलच असे नाही. डॉक्टरांनी पुढचे सगळे उपचार नीट सांगितल्यावर ती येते.

ज्या घरांत असे प्रकरण अडले असेल त्यांनी, शक्यतो दोघांनी मिळून, संध्याकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात यावे. येताना दातांचे एक्स-रे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला खर्चाचा अंदाज बरोबर आणावा.