मन लागत नाही तेव्हा



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या १६व्या श्लोकावर. मूड ऑफ असताना नाम घेणं म्हणजे ढोंग का? मला तसं वाटत नाही. या श्लोकात मनाची प्रसन्नता हे तप मानलंय. आणि तप करायचं असतं, त्याची वाट बघत बसायची नसते. त्याच श्लोकात सौम्यताही आहे बरं का, म्हणजे स्वतःवर डाफरायचं नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली आहे. दर्शनाला पायऱ्या उतराव्याच लागतात. मन वर बसस्टँडवर रेंगाळलं तरी पाय उतरतात. घरीही तसंच. मोबाईल बाजूला ठेवा, तोंडावर पाणी मारा, तुळशीला तांब्याभर पाणी घाला, एक माळ ओढा. भाव मागाहून येतो. एखाद्या दिवशी येतही नाही, तरी माळ वाया गेली असं मी मानत नाही.

उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर मात्र घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा. श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हटलंच, तर त्याला गीतेचा पहिला अध्याय वाचायला द्या. नावच अर्जुनविषादयोग. तिथे अर्जुन आपलं दुःख बोलत राहतो आणि कृष्ण जवळजवळ गप्प राहून ऐकतो.