झिजावे की जपावे?

वस्तू जपून ठेवणे हा सद्गुण आहे, असे आपणां सर्वांना लहानपणापासून शिकवले जाते. आम्हीही ते आजवर निःशंकपणे मानीत आलो. परंतु गेल्या पावसाळ्यातील एका लहानशा प्रसंगाने या समजुतीची फेरतपासणी करणे आम्हांला भाग पडले.

आमच्या दिवंगत मातोश्रींची भरतकामाच्या नमुन्यांची वही आमच्या कपाटात आहे. कागदावर फूल रेखाटून त्या त्याच्या रेघेवर सुईने टोचे पाडीत आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवून ती नक्षी कापडावर उतरवीत. आमच्या पुतणीने त्यातील गुलाबाचे पान मागितले. "काका, दोन दिवसांत परत आणून देते," ती म्हणाली. "पान जीर्ण झाले आहे, फाटेल," असे सांगून आम्ही नकार दिला. पोर काही न बोलता निघून गेली. आम्ही कपाटाला कुलूप लावले, आणि त्याबरोबर एक अस्वस्थताही आमच्या मनात बंद झाली.

त्याच सुमारास मारिया सिबिला मेरियान या जर्मन चित्रकर्तीविषयी आमच्या वाचनात आले. १६४७ साली फ्रँकफर्ट येथे जन्मलेली ही स्त्री पुढे न्यूरेंबर्ग शहरी मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवीत असे. १६७५, १६७७ आणि १६८० या वर्षी तिने प्रत्येकी बारा ताम्रमुद्रित चित्रांचे तीन पुष्पसंग्रह प्रसिद्ध केले. ही छत्तीस चित्रे 'नवे पुष्पपुस्तक' या नावाने एकत्रही निघाली. चित्रे काढणाऱ्यांनी आणि भरतकाम करणाऱ्यांनी ती नमुना म्हणून समोर ठेवावीत, हा त्यांचा हेतू होता. अशा पुस्तकांतील पाने गिरवली जात, टोचली जात, कापूनही घेतली जात. आज या पुस्तकाच्या संपूर्ण प्रती बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. म्हणजे ती दुर्मीळ झाली, ती उपयोगी पडली म्हणून!

वाचकहो, येथे विचारात पाडणारी एक गोष्ट आहे. ज्या प्रतींनी आपले काम केले, त्या नाहीशा झाल्या. ज्या फारशा हाताळल्या गेल्या नाहीत, त्यांना मोल आले. १८१६ साली लंडनमध्ये निघालेल्या जॉर्ज ब्रुकशॉ यांच्या पुष्पचित्रणाच्या पुस्तकात एकेक चित्र दोनदा छापले होते: एक रंगवलेले आणि एक कोरे. कोरे चित्र विद्यार्थिनीने स्वहस्ते रंगवावे, ही अपेक्षा. आता ते कोरेच राहिले असेल, तर संग्राहक आनंदित होतो; परंतु ज्याने ते पुस्तक रचले, त्या शिक्षकाला आनंद झाला असता काय?

तर मग जपणारा मनुष्य दोषी म्हणावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. सगळ्याच प्रती झिजून गेल्या असत्या, तर मेरियानची ती फुले आपणांस दिसलीच नसती. ड्रेस्डेन येथील ग्रंथालयाने आपली प्रत सांभाळली, म्हणूनच १९९९ साली तिच्यावरून हुबेहूब प्रतिकृती छापता आली आणि ती फुले पुन्हा सामान्यांच्या हाती गेली. किंबहुना ज्याने राखले, त्यानेच येथे वाटले. याउलट, सुटी चित्रे चौकटीत घालून अधिक किमतीस विकता यावीत म्हणून जुनी पुस्तके उसवणारे व्यापारीही आहेत. शिकणाऱ्या मुलीने पान कापले आणि व्यापाऱ्यानेही कापले. कात्री तीच, परंतु एकीच्या कापण्यातून नवे फूल उमलले, दुसऱ्याच्या कापण्यातून पुस्तक मोडले.

तेव्हा जपणे चांगले की वापरणे, हा प्रश्नच अपुरा आहे. आपण कोणासाठी जपतो, हे विचारावयास हवे. वस्तू तिच्या कार्यासाठी राखणे निराळे आणि तिच्या कार्यापासून राखणे निराळे. पहिल्यास आपण सांभाळ म्हणतो. दुसऱ्यास, कितीही हळवे नाव दिले तरी, कृपणताच म्हणावे लागेल. हा न्याय केवळ पुस्तकांना लागू नाही. आपली विद्या, आपला वेळ, आपली माया हीदेखील आपण कित्येकदा "फाटेल" या भीतीने कुलपात ठेवतो आणि त्या कुलपालाच प्रेम म्हणतो.

असो. आम्ही त्या गुलाबाची छायाप्रत काढून घेतली. छायाप्रतच पुतणीला द्यावी, असा व्यवहारी विचार क्षणभर मनात आला. परंतु छायाप्रतीला छिद्रे नसतात. तिच्या आजीच्या सुईने पाडलेल्या छिद्रांतूनच नीळ कापडावर उतरणार आहे. म्हणून छायाप्रत आमच्या कपाटात राहिली आणि मूळ पान आम्ही स्वतः तिच्या घरी नेऊन दिले. ते परत कधी आणणार, हे विचारावयाचे मात्र आम्ही कटाक्षाने टाळले.