वाघ दिसला का?

ताडोब्याहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात : वाघ दिसला का? दिसला म्हटले की विचारणाऱ्याचा चेहरा फुलतो. नाही म्हटले की तो आपले सांत्वन करू लागतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी जाऊन आलो, तेव्हा माझेही असेच सांत्वन झाले. पुण्याहून आलेली बहीण, तिचे यजमान आणि दहा वर्षांचा भाचा बरोबर होते. पहाटे मोहर्लीच्या गेटवर जिप्सींच्या रांगेत उभे राहिलो. रानगवे पाहिले, रानकुत्र्यांची टोळी पाहिली, तळ्याकाठी पडलेली मगर पाहिली. भाचा तर चितळाच्या पाडसावरच खूश होता. मेहुणे मात्र गेटबाहेर येताच म्हणाले, "एवढे पैसे मोजले आणि हरणे दाखवून परत पाठवले."

मेहुणे वाईट गृहस्थ नाहीत. पण त्यांचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. तिकीट आपण नेमके कशाचे काढतो? जंगलात शिरण्याचे, की वाघाने समोर येण्याचे? कुणाच्या घरी मेहमान म्हणून गेलो, तर दिवाणखान्यात बसतो, जे पुढे येईल ते खातो. आतल्या खोल्यांची दारे उघडून पाहत नाही आणि घरची मंडळी बाहेर आली नाहीत म्हणून रुसतही नाही. जंगलात मात्र आपण पाहण्याला आपला हक्क समजतो.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. पूर्वी लोक बंदूक घेऊन जात, आता कॅमेरा घेऊन जातात. पाहण्याने कुणाचे काय बिघडते? यात तथ्य आहे. राजस्थानातले भरतपूरचे पक्षी अभयारण्य पूर्वी तिथल्या महाराजांचे शिकारीचे पाणथळ होते. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकार पार्टीने तिथे ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा तिथल्या दगडावर कोरून ठेवला आहे. त्या दिवसापासून आजच्या दुर्बिणीपर्यंतचे अंतर लहान नाही, आणि मी ते लहान मानत नाही. पण हत्यार बदलले म्हणून मनातली मागणी बदलतेच असे नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवून धरले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. चालक आणि गाईड निलंबित झाले, त्यांना दंड झाला. गाडी पुढे घे म्हणणारे, मोबाईल उंचावणारे आपल्यासारखेच लोक घरी जाऊन नवे वर्ष साजरे करायला मोकळे होते.

पाहणे वेगळ्या प्रकारचेही असते. सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सुगरण पक्ष्यांची वसाहत पाहिली. शिडीवर आडोसा करून महिनोन्महिने बसून राहिले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच संसार मांडते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तिथे टिपले. पक्ष्यांनी आपल्या वेळेने जे दाखवले, ते त्यांनी घेतले. चार तासांत वाघ हवा असणाऱ्या माणसाने किहीमची ती शिडी जरा आठवावी.

पण सालिम अलींचे नाव घेऊन इथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. भरतपूर पक्ष्यांसाठी राखावे म्हणून झटणारे तेच होते आणि तिथे म्हशी चारण्यावर बंदी हवी म्हणणाऱ्यांतही ते होते. १९८२ मध्ये बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे सालिम अली ज्या संस्थेशी आयुष्यभर जोडलेले होते, त्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच अभ्यासातून दिसले, की म्हशी गेल्यावर गवत माजले, पाणथळ भरून गेले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. इतक्या निरपेक्ष नजरेच्या माणसालाही पक्ष्यांशेजारचा गुराखी नीट दिसला नाही, तर आपली काय कथा?

आणि आपल्याला तर तो दिसावा अशी इच्छाही नसते. ताडोबा हे नाव कुठून आले? तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, लोकांनी त्याला देव मानले, अशी तिथल्या आदिवासींची कथा आहे. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे, पौषात जत्रा भरते. म्हणजे ज्या जंगलात आपण वाघ शोधत फिरतो, त्याला नावच वाघाने मारलेल्या माणसाचे आहे. कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी इथली माणसे २००७ नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने बाहेर वसवली गेली. जी उरली ती कडेच्या गावांत आहेत. पहाटे मोहफुले वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात. ही कामे वाकून करायची असतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटेलच असे नाही. १० मे २०२५ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या तीन बाया एका दिवसात मारल्या गेल्या. माणूस गेला तर शासन २५ लाख रुपये देते. द्यायलाच हवेत. पण जंगलात तिकीट काढून जाणारा पाहुणा आणि पान तोडायला जाणारी बाई घुसखोर, ही वाटणी कुणी केली, हे कुणी विचारत नाही.

आमचा गाईड अशाच एका गावचा पोरगा होता. भाच्याने त्याला विचारले, "दादा, तुम्हाला वाघाची भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "गाडीत कायची भीती? आई पत्ता तोडून यायले उशीर करते तवा वाटते. आमच्या घरी बी रोज विचारतेत, वाघ दिसला का म्हणून. नाही म्हटलं का जीव भांड्यात पडते."

मी हे मेहुण्यांना ऐकवले तेव्हा ते म्हणाले, "मग आपण जायचेच नाही का? त्या पोराचा रोजगार कोण देणार?" हा मुद्दा खोटा नाही. जुलै २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन तात्पुरते थांबवले आणि ऑक्टोबरात ती बंदी उठवली. त्या काळात पहिला घोर गाईड आणि जिप्सीवाल्यांनाच लागला असणार. शिवाय जंगल डोळ्यांनी पाहिलेच नाही, तर ते राखावे असे शहरातल्या माणसाला का वाटावे? तेव्हा जाऊ नये असे मी म्हणत नाही. पण त्या पोराला रोजगार देतो म्हणून त्याच्या आईच्या भीतीची किंमत चुकती झाली, असे मला मानता येत नाही. तो हिशेब अजून उघडाच आहे, आणि वाघ न दिसल्याची तक्रार करताना निदान तो आठवावा.

येत्या डिसेंबरात मेहुण्यांनी पुन्हा बुकिंग केले आहे. मला बोलावले आहे आणि मी हो म्हटले आहे. त्याच गाईडला मागून घेऊ, एवढी एकच गोष्ट मी त्यांच्याकडून कबूल करून घेतली आहे. त्याच्या आईची खबर घ्यायची आहे.