टाचा खाली

बारामतीची एमआयडीसी मागे टाकून गोजुबावीकडे निघालं की डोक्यावर एखादं शिकाऊ विमान घरघरत असतं. टेकतं, उठतं, पुन्हा चक्कर मारतं. बघणाऱ्याचं लक्ष पंखांकडे जातं. माझं हल्ली चाकांकडे जातं.

सेस्नासारख्या लहान विमानाचा ब्रेक अगदी साधा असतो. चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटणारे, रिव्हेटने बसवलेले छोटे पॅड. पायाखालच्या पेडलची वरची कड चवड्याने दाबली की तो लागतो. नवशिक्याचा पाय भीतीपोटी नेमका तिथेच चढून बसतो आणि विमान जमिनीवरून नुसतं चालवतानाही ब्रेक घासत राहतो. मग शेजारून शिक्षकाचा आवाज येतो, ‘टाचा खाली!’ उडायला शिकण्याचा पहिला धडा असा जमिनीवरचाच.

एवढ्याशा पॅडवर भार किती येतो, याचा एकदा हिशेब मांडला. 1,100 किलोचं विमान ताशी 90 किलोमीटर वेगाने टेकलं, तर त्याच्या अंगात जेवढी ऊर्जा असते, तेवढीच इंदापूर रस्त्यावर ताशी 21 किलोमीटरने चाललेल्या 20 टनांच्या उसाच्या ट्रॉल्यांत असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, ही सगळी त्याची करामत. थोडी हवा खाते, थोडी धावपट्टी. उरलेल्या ऊर्जेची ब्रेकमध्ये उष्णता होते.

मोठ्या विमानांत ही आच सोसायला एकटा धातू पुरत नाही. तांब्याची किंवा लोखंडाची भुकटी, तीत ग्रॅफाइट आणि सिलिकासारखे कठीण कण मिसळायचे, दाबायचे आणि न वितळवता भट्टीत भाजून एकजीव करायचे. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने असे पॅड विकसित केले. एचएएलच्या बंगळुरूच्या फाउंड्रीत ते बनतात. मला गंमत वाटते ती ग्रॅफाइटची. ज्याने घट्ट धरायचं, त्याच्यातच मुद्दाम निसरडा पदार्थ घालायचा! पण तो नसेल तर तापलेला धातू धातूला चिकटेल आणि चाक जागीच जखडेल. कठीण कण पकडतात, ग्रॅफाइट सोडवतं, धातू उष्णता वाहून नेतो.

झिजणं म्हटलं की मराठी माणूस लगेच चंदनाकडे धावतो. ती उपमा आता चंदनापेक्षा जास्त झिजली आहे. शिवाय सहाणेवर चंदन हळूहळू उगाळतात; या पॅडला तसं उगाळलेलं मानवत नाही. लहान विमानांतही काही पॅड धातूचे असतात. ते नवे बसवले की विमान ताशी 55-65 किलोमीटर वेगाने पळवून पूर्ण थांबवायचं आणि ब्रेक निवायच्या आत पुन्हा एकदा तसंच. त्या आचेने पॅडवर चकचकीत पापुद्रा धरतो. खरी पकड त्या पापुद्र्याची. पुढे कोणी फक्त हलक्या पायाने ब्रेक लावत राहिला, तर तो निघून जातो, पकड मंदावते. जपून वापरायला जावं, तर ब्रेक बिघडतो. काटकसरीत वाढलेल्या माझ्या मनाला हे पटायला जरा वेळच लागला.

कार्बनच्या ब्रेकचं गणित तर आणखी निराळं. हैदराबादच्याच एएसएल या दुसऱ्या संरक्षण प्रयोगशाळेने ‘तेजस’ या लढाऊ विमानासाठी कार्बनच्या तबकड्या घडवल्या, मोठ्या प्रवासी विमानांतही आता कार्बन असतो. पोलादी ब्रेक किती ऊर्जा गिळली त्यावर झिजतो, तर कार्बनचा मुख्यतः किती वेळा दाबला त्यावर. दहा वेळा हळूच दाबण्यापेक्षा एकदाच नीट दाबलेला त्याला सोसतो. थंड असताना जमिनीवर रेंगाळत पुन्हापुन्हा लावलेला ब्रेकच त्याला जास्त खातो.

विमान आकाशात असतं तेव्हा पॅडला काही काम नसतं. त्याची सारी नोकरी जमिनीवरची. जाडी अडीच मिलिमीटरवर आली की मेकॅनिक रिव्हेट काढतो, पॅड भंगारात टाकतो आणि बोटांवरची काळी भुकटी फडक्याला पुसतो. तबकडी शाबूत असते. पॅड झिजावा आणि तिने टिकावं, अशीच ती योजना.

पलीकडे उसाच्या शेंड्यांवरून आणखी एक विमान खाली येतंय. टेकलं. डावीकडे जरा झुकलं, सावरलं, वळून हँगरकडे निघालं. आत कुणाच्या तरी टाचा खाली असतील, असं आपलं धरून चालायचं.