विस्मृतीच्या दारी

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. नामस्मरणाचा महिमा गाणाऱ्या या भूमीत एखाद्या माणसाला स्वतःच्या लेकराचे नावही आठवेनासे झाले, तर त्याचे माणूसपण उणे झाले असे म्हणावे काय? भारतातील साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा राहिलेला नाही; तो आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी पन्नाशीतच स्मृती गमावू लागलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील बदल १९०६ साली वैद्यकसभेपुढे मांडले. पूर्ण बरे करणारे औषध अजून हाती आलेले नाही. मात्र शस्त्रक्रिया न करता, बाहेरूनच मेंदूला चालना देण्याच्या उपायाने अलीकडे आशा निर्माण केली आहे. डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून चुंबकीय स्पंदने सोडली, की कवटीखालच्या पेशींत क्षीण विद्युतप्रवाह उमटतो. असे पहिले यंत्र १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले.

रोम म्हटले की आपल्याला सेंट पीटर महामंदिर आठवते. त्याच रोममधील सान्ता लुचिया संस्थेत जाकोमो कॉख व सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या ५० रुग्णांवर या उपायाचा प्रयोग केला. २०२२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी स्पंदने दिली, निम्म्यांना केवळ देखावा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस आणि नंतर बावीस आठवडे दर आठवड्याला एकदा उपचार झाले. खरा उपचार मिळालेल्यांची अवस्था सहा महिने बहुतांशी स्थिर राहिली; इतरांची खालावली. ५० ही संख्या लहान आहे, आणि हा उपाय अद्याप प्रयोगाच्या कक्षेतच आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. या उपचाराने गेलेली आठवण परत आली नाही. घसरण तेवढी थोपली. म्हणजे लाभला तो काळ. आता आम्ही स्वतःलाच विचारू या : हा काळ आपण कोणासाठी मागतो? आईने आपल्याला ओळखावे, ही आपली तहान आहे. ती खोटी नाही. परंतु ती आईची इच्छाच असेल असे नाही. सेनगाव वा कळमनुरीकडच्या वृद्धेला बत्तीस वेळा परक्या शहरात नेणे म्हणजे अनोळखी खोल्या, अनोळखी चेहरे आणि वाढता गोंधळ. म्हणून तिला बोलता येते, समजते, तोवरच तिचे मन विचारून घेणे हा आपला धर्म आहे.

दुसऱ्या बाजूने, "म्हातारपणी असे व्हायचेच" म्हणून हात झटकणे हेही पाप आहे. उपचार सिद्ध झाला, तर तो केवळ महानगरातील श्रीमंतांच्या वाट्याला यावा आणि वसमतच्या शेतमजुराने विसरत विसरत जगाचा निरोप घ्यावा, हे न्यायाला धरून नाही. त्यासाठी आवाज उठवणे हे प्रेमाचेच कार्य होय.

परंतु यंत्र आले अथवा न आले, माणसाची किंमत त्यावर ठरत नाही. नावे विसरलेल्या आजीचे हात हळकुंडे निवडताना पुष्कळदा चुकत नाहीत; जपमाळेचे मणी बोटांतून सरकत राहतात. हातांची स्मृती नावांच्या स्मृतीहून अधिक काळ टिकते, हे वैद्यकशास्त्रही मान्य करते. संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात स्मृतीच्या विशाल दालनांचे चिंतन केले. तरी ईश्वराच्या शोधात स्मृतीच्याही पलीकडे जावे लागते, असे त्यांना जाणवले. जिथे माणसाची आठवण संपते, तिथे परमेश्वराची संपत नाही, ही आपली श्रद्धा आहे.

मग आपले काम काय? तिच्या आठवणी आपण सांभाळाव्यात. तिने दहादा विचारले, तर दहादा उत्तर द्यावे. धर्मग्रामातील शेजाऱ्याने एक दुपार तिच्याजवळ बसून थकलेल्या सुनेला विसावा द्यावा. विज्ञानाने मिळवून दिलेला काळ अशा सोबतीने भरला, तरच त्याला अर्थ; आणि ज्यांना तो काळ मिळणार नाही, त्यांचा या सोबतीवर अधिकच हक्क आहे.